कौसरबाई आणि एकच रेघ

कौसरबाईला हळू बोलता येत नसे. मालेगावात यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली बाई. तिथे कुजबुजणाऱ्या पोराला कुणी जेवायलाही वाढत नाही. दिंडोरीत तिच्या लॅबची आणि माझ्या कृषी सेवा केंद्राची भिंत एक. त्यामुळे कुणाची साखर वाढली, कुणाचं रक्त कमी भरलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे सगळं मला बुरशीनाशकं विकता विकता फुकटात कळायचं. एकदा न राहवून मी म्हणालो, बाई, जरा हळू. तर म्हणाली, "जयरामभाऊ, तुम्ही तिकडे कान करू नका ना." भांडायला उभं राहावं तर समोरची बाई हसतेय. मी तो नाद सोडला.

तिचे वडील मागावर कामाला होते. धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची आणि मगच पुढे जायचं. "असेल इथेच कुठेतरी" म्हणून माग चालू ठेवला की कापडात जाळी पडते. लहानपणी ती बापाशेजारी बसून हेच बघत होती. त्यामुळे "असेल" या शब्दाशी तिचं जन्माचं वैर. कुणी म्हणालं, ताप मलेरियाचा असेल, की हिचा पहिला प्रश्न, "कुणी बघितला?"

बारावी झाल्यावर ती नाशिकला लॅबचा कोर्स करायला निघाली. गल्लीतल्या एका शहाण्याने वडिलांना विचारलं, पोरगी लोकांची लघवी तपासत बसणार काय? वडील म्हणाले, "बसेल. तुझीपण तपासेल." नव्वदचं दशक संपता संपता ती लग्न होऊन दिंडोरीत आली. नवरा अबरार पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा टेम्पो घेऊन जायचा. तो इतका कमी बोलायचा की दोघांचा आवाज एकत्र केला तर सरासरी बरोबर यायची.

लॅब नाशिकच्या एका डॉक्टरांची. आठवड्यातून दोनदा ते यायचे, सह्या करायचे, अवघड वाटलेल्या काचपट्ट्या बघायचे, तिच्याशी बरोबरीने बोलायचे. बाकी दिवस ती एकटी. तिच्या हट्टाचा प्रसाद मीही खाल्लेला आहे. उपाशीपोटी साखर तपासायला गेलो, तिने विचारलं काही खाल्लंय का, मी म्हणालो नाही, फक्त सत्यनारायणाचा शिरा, तोही प्रसाद म्हणून. तिने सुई परत ठेवली. "प्रसाद आहे हे रक्ताला कळत नाही भाऊ. उद्या या." मला राग आला. मला राग यायला फारसं कारण लागत नाही, हे गावाला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी गेलो, उपाशी.

मग दोन हजार नऊचा तो पावसाळा आला. पुण्यात स्वाइन फ्लूने माणसं जायला लागली आणि आमच्याकडे रुमालात कापूर-वेलदोडा बांधून हुंगायची साथ आली. मोटारसायकलवरचे लोक दरोडेखोरासारखे तोंड बांधून फिरायचे आणि चहाच्या टपरीवर रुमाल खाली करून एकमेकांच्या तोंडावर खोकायचे. त्याच दिवसांत लॅबमध्ये फ्लू तपासायच्या पट्ट्या आल्या. नाकात खोलवर कापसाची काडी फिरवायची, ती काडी पाण्यासारख्या औषधात घुसळायची, त्यात पट्टी धरायची. गरोदर आहे का ते बघायची पट्टी असते, अगदी तशी. एक रेघ तर येतेच, ती पट्टी चांगली आहे एवढंच सांगते. दुसरी रेघ आली तर फ्लू. पाव तासात निकाल. लोक खूश. एकच रेघ आली की जत्रेतून देवदर्शन करून आल्यासारखे चेहरे करून बाहेर पडायचे.

ईदला अबरारचा धाकटा भाऊ पुण्याहून आला, खोकत खोकत. परत गेला आणि तिकडून फोन आला की त्याला स्वाइन फ्लू निघाला. तोवर कौसरबाई तापाने फणफणली होती. तिने आरशात बघून स्वतःच्या नाकात काडी घातली. एक रेघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा एकच. दुसरी कुणी असती तर अल्लाचे आभार मानून झोपली असती. हिने अबरारला टेम्पो काढायला लावला. नाशिकच्या सरकारी हॉस्पिटलात दिराची हकीकत सांगून नमुना घ्यायला लावला, गोळ्या घेतल्या आणि घरात वेगळी राहिली. नमुना पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. तिथून उत्तर आलं, फ्लू आहे, आणि नवाच आहे, स्वाइनचा.

बरी होऊन ती परत आली तेव्हा डॉक्टरांचा यायचा दिवस होता. भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. "सर, मी स्वतःच्या हाताने केलं. काडी नीट फिरवली. पट्टीची तारीख बघितली. तरी एकच रेघ."

डॉक्टर सावकाश म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. मी पुण्याला विचारलं. तिथेही हाच अनुभव आहे. ही पट्टी जुन्या फ्लूंवर तयार झालेली आहे. नवा फ्लू तिला दिसतो, पण कमी दिसतो. नाकात विषाणू भरपूर असेल तर पकडते. थोडा असेल तर सुटतो. शंभरातले किती सुटतात, तेही प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात."

"मग फेकून देऊ?"

"नको. दुसरी रेघ आली तर ती जवळजवळ खरीच समज. पण आली नाही, तर त्यावरून काहीच ठरवू नकोस."

रजिस्टरची पानं भराभर उलटल्याचं ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, "सर, मी इतक्या लोकांना 'जा, काही नाही' म्हणून पाठवलंय." आणि त्या रविवारी तिने काय करावं? अबरारच्या टेम्पोत बसून, एक रेघ घेऊन गेलेल्या प्रत्येकाच्या दारात ती गेली. ताप उतरला का, दम लागतो का, घरात दुसरं कुणी आजारी आहे का, हे विचारत सुटली. एका घरी तर लोकांना वाटलं, पैसे मागायला आली. बहुतेक जण बरे झाले होते. तिघांना तिने नाशिकला धाडलं. तेव्हापासून एक रेघ आलेल्या प्रत्येक रिपोर्टच्या खाली ती स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहायला लागली: "या तपासणीत दिसला नाही, म्हणजे नाहीच असे नव्हे. ताप वाढला किंवा दम लागला तर थांबू नका."

आता माझ्या गिऱ्हाइकांकडे वळतो. द्राक्षवाल्यांवर माझं पोट आहे, म्हणून त्यांना नावं ठेवायचा हक्कही माझाच. युरोपला द्राक्षं पाठवायची तर आधी बागेतल्या घडांचं सॅम्पल तपासणीला जातं. फवारलेल्या औषधांचा अंश मर्यादेत निघाला की अख्खा प्लॉट पास. पिशवीभर घड सगळ्या बागेची साक्ष देतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट आमच्या लोकांच्या हाडात मुरलेली आहे. सॅम्पल द्यायचं, पास व्हायचं, कागद फाइलला लावायचा.

दसरा झाला आणि ऑक्टोबर छाटणीसाठी पेठकडच्या डोंगरातून मजुरांच्या टोळ्या उतरल्या. एके सकाळी माझं जुनं गिऱ्हाईक गोटीराम आण्णा एका तगड्या जवान पोराला घेऊन लॅबमध्ये शिरला. पोराचं नाव लखन. टोळीचा मुकादम पुंजा, त्याचा हा मुलगा. नाकाचं पाणी पुसत उभा होता.

"बाई, ह्याची स्वाइनची तपासणी कर. बारा माणसं आलीत माझ्याकडे," आण्णा म्हणाला.

"बाकीचे कुठे आहेत?"

"बाकीचे कशाला? टोळी एकच आहे ना. ह्याला सॅम्पल म्हणून आणलाय."

मी दुकानातून उठून लॅबच्या दारात जाऊन उभा राहिलो. हे नुसतं ऐकून भागणार नव्हतं. कौसरबाई आण्णाकडे बघतच राहिली. "आण्णा, माणसं म्हणजे काय घड आहेत?"

"अगं, शितावरून भाताची परीक्षा करतातच की!"

"भात एका पातेल्यात शिजतो. ही बारा पातेली आहेत," ती म्हणाली. "आणि तुम्ही शीत पण निवडून आणलंय. सगळ्यात धट्टाकट्टा पोरगा आणला."

ते खरं होतं. सॅम्पल द्यायचं म्हटल्यावर आण्णा बागेतलासुद्धा सगळ्यात देखणा घडच खुडणार. पण लखनला सर्दी तर होती, म्हणून तिने तपासणी केली. एक रेघ आली. तिने रिपोर्ट लिहिला, खाली आपलं ते वाक्य लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं. लखनला सांगितलं, सर्दी आहे तोवर बायकोपासून लांब झोप. आण्णाने मान डोलावली, बाहेर आला, आणि तिचं वाक्य आत जाईल असा कागद दुमडून समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून घेतली. ती झेरॉक्स त्याने मजुरांच्या शेडच्या खांबाला लावली. सगळी टोळी पास.

आठवडा गेला असेल. दुपारी आण्णाची जीप लॅबसमोर येऊन थांबली. त्यातून पुंजा आणि त्याची बायको भागीबाई यांनी एका पोरीला धरून उतरवलं. लखनची बायको, आशा. सातवा महिना. बागेत छाटलेल्या काड्या वेचायचं हलकं काम तिला दिलेलं. ती चालत होती, पण मधेच थांबत होती, आणि थांबली तरी तिचा श्वास थांबत नव्हता. पळून आल्यासारखी धापा टाकत होती. लखन मागे, खोकला दाबत.

कौसरबाईने तिला बाकावर टेकवून बसवलं, छातीकडे बघत घड्याळ लावून श्वास मोजले. आण्णा घाई करत होता. "आधी पट्टी कर बाई." तिने पट्टी केली. आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत होतो, सापाच्या बिळाकडे बघावं तसे. एक रेघ उमटली. दुसरी काही येईना.

आण्णाने मोठ्ठा श्वास सोडला. "झालं! टायफॉईड असेल. सलाईन लावू इथेच."

"असेल?" कौसरबाई म्हणाली.

तिने पट्टी बाजूला ठेवली. "हिला आत्ता नाशिकला न्यायचं. आत्ता म्हणजे आत्ता. सरकारी हॉस्पिटलात."

"पण निगेटिव्ह आली ना!"

"मला पण आली होती."

आण्णा चिडला. इथे मी त्याचीही बाजू सांगतो, कारण तो दुष्ट माणूस नव्हता. त्याचा अर्धा प्लॉट छाटून झाला होता. छाटणी पुढे ढकलता येत नाही. स्वाइन फ्लूचं नाव निघालं असतं तर त्याचीच काय, आसपासच्या सगळ्या बागांतल्या टोळ्या संध्याकाळपर्यंत डोंगर चढून गेल्या असत्या. अर्धी छाटलेली बाग घेऊन बसणं म्हणजे अर्ध्यावर उठून गेलेल्या न्हाव्याची वाट बघत बसणं. तो म्हणाला, "रिपोर्ट दे माझ्याकडे. कुठे न्यायचं ते मी बघतो."

"रिपोर्ट मिळणार नाही."

"म्हणजे?"

"कागद दिला तर तुम्ही कागद घेऊन घरी जाल. कागद नाही, पेशंट घेऊन जा."

आण्णाचा आवाज चढला. तुझ्या डॉक्टरला सांगतो, नोकरी घालवतो, काय काय बोलला. कौसरबाईने फोन उचलून डॉक्टरांना स्वतःच लावला, परिस्थिती सांगितली आणि फोन आण्णाच्या कानाला दिला. पलीकडून डॉक्टर काय म्हणाले ते कळलं नाही, पण आण्णा "हो, हो" करत फोन ठेवून बाजूला सरकला.

खरी भिंत पुढेच होती. पुंजा उठून उभा राहिला. "आमी नाय नेणार नाशिकला. तिकडं नेलेलं माणूस माघारी येत नाय. येतं ते प्लास्टिकात बांधून येतं. आमी ऐकलंय. घरला नेतो हिला. आमच्याकडं भगत हाय, झाडपाला हाय."

"पेठपर्यंतचा घाट हिला झेपेल?"

"ते आमचं आमी बघू."

लखन बापाकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत होता. आशा कुणाकडेच बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष पुढचा श्वास घेण्यात होतं. मला इतका संताप आला की मी पुंजाला चार शब्द सुनावणार होतो. पण कौसरबाई माझ्या आधी हलली. ती पुंजाशी बोललीच नाही. भागीबाई भिंतीला टेकून खाली बसली होती, तिच्यासमोर जाऊन फरशीवर बसली. आणि जन्मात पहिल्यांदा ती बाई हळू बोलली. मी दारात उभा असून मला एक शब्द ऐकू आला नाही.

काय बोलली ते भागीबाईने पुढे मला सांगितलं. ती म्हणाली होती, "मावशी, हिला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे, की 'नाही' म्हणायला ही पट्टी लायक नाही. मी चुकले, तर तुमची एक चक्कर फुकट जाईल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. तुम्ही चुकलात, तर शिव्या कुणाला देणार?"

भागीबाई उठली. नवऱ्याला म्हणाली, "गाडी बघा."

गाडी आली ती अबरारचीच, कांद्याची. मागे गोणपाटं अंथरली. आण्णा जीप द्यायला तयार झाला होता, पण आडवं झालं की आशाचा दम कोंडत होता, जीपमध्ये नीट टेकायला जागा नव्हती आणि टेम्पोत तिला गोण्यांच्या आधाराने बसवता आलं. कौसरबाईने तोंडाला रुमाल बांधला, लॅबची किल्ली माझ्या हातात दिली, बाहेर थांबलेल्यांना ओरडून सांगितलं, "रक्त द्यायला उद्या या, उपाशी या!" आणि मागे आशाजवळ चढून बसली.

नाशिकला पाळीवर असलेल्या डॉक्टरीणबाईंनी पट्टीबद्दल विचारलंसुद्धा नाही. पोट बघितलं, श्वास बघितला, ऑक्सिजन लावला आणि पुण्याच्या उत्तराची वाट न बघता गोळी सुरू केली. नमुना पुण्याला गेला. बाहेर व्हरांड्यात पुंजा डोकं धरून बसला होता. त्याने कौसरबाईला विचारलं, आणि हा प्रश्न मीही विचारला असता, "बाई, तुझी पट्टी खोटी हाय, तर मंग ती ठेवतीस कशाला?"

ती म्हणाली, "खोटी नाही हो मामा. बोलते तेव्हा खरं बोलते. पण कधी कधी गप्प बसते. गप्प बसलेल्याची साक्ष धरायची नसते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी आण्णाच्या बागेत छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना लावायची पेस्ट पोचवायला गेलो, तर तिथे वेगळंच चाललेलं. आण्णाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून टोळीला बसवायला सुरुवात केली होती. गाठोडी चढली होती. दोन बायकांना ताप होता, लखन खोकत होता. आण्णाचं म्हणणं, ब्याद जाऊ दे आपल्या गावी. एवढ्यात बांधावरून कौसरबाई येताना दिसली, चपलांना चिखल लागलेला, हॉस्पिटलातून थेट. ती येऊन ट्रॉलीपुढे उभी राहिली, आणि आता तिचा आवाज पार शेजारच्या शिवारात गेला.

"आण्णा, हा ताप पेठला पोचवू नका! तिथे एक दवाखाना आणि मैलोन्मैल पाडे. तिकडे पसरला तर फेब्रुवारीत घड तोडायला हात कुठून आणणार? पुण्याहून?"

"मग काय माझ्या घरात ठेवू?"

"पॅकिंगची शेड रिकामी आहे ना? तिथे ठेवा. तापवाले एका टोकाला. बाकीचे दुसऱ्या टोकाला. बरे आहेत ते छाटतील, लांब लांबच्या ओळींत. सरकारी माणसांना मी सांगून आलेय, ते गोळ्या घेऊन येतायत."

आण्णाने माझ्याकडे बघितलं, मदतीसाठी. मी म्हणालो, "माझ्याकडे काय बघतोस? मी औषधं विकतो, अक्कल नाही." आण्णाने ट्रॅक्टर बंद केला. मनातून नाही केला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण बंद केला, आणि दोन्ही वेळचं जेवण स्वतःच्या घरून पाठवलं, हेही सांगायला हवं.

पुण्याचं उत्तर आलं. आशाला नवाच फ्लू होता. लखनला ते कळलं तेव्हा तो शेडमध्ये गोळ्या घेऊन पडला होता. कौसरबाई आणि मी त्याला बघायला गेलो तर उठून बसला. म्हणाला, "बाई, मी तर पास झालो व्हतो ना?" आणि एवढा आडदांड पोरगा हुंदके द्यायला लागला. समोर मजुरांच्या शेडच्या खांबावर ती झेरॉक्स अजून तशीच होती. ती म्हणाली, "तू पास नव्हतास झाला बेटा. पट्टी नापास झाली होती." मी बाहेर येऊन उगाचच ट्रॅक्टरच्या चाकाला लाथ मारली.

आशाला ऑक्सिजनवर बरेच दिवस काढावे लागले. मधे एक दिवस असा आला की डॉक्टरांनी भागीबाईला जवळ बोलावून सांगितलं, आई किंवा बाळ, दोघांचंही सांगता येत नाही. कौसरबाई रोज लॅब बंद करून अबरारबरोबर जायची, यायची. मी विचारलं, तू तिथे जाऊन करतेस काय? म्हणाली, "काही नाही. मावशीजवळ बसते." मी दिवाळीत दुकानाची पूजा केली तेव्हा देवाकडे दुकानासाठी काही मागितलं नाही, एवढं सांगतो.

दिवाळीनंतर आशा वाचून आली. गाल बसलेले, हात काड्या झालेले, पण पोट जागच्या जागी आणि आत बाळ लाथा मारतंय. टोळी तेव्हा आण्णाच्याच दुसऱ्या प्लॉटवर होती. अबरारने तिला तिथे आणून सोडलं. कौसरबाई बरोबर होती, आणि मी माझ्या कामाने आलेलो. वाटलं, आता आनंदीआनंद होईल. कसचं काय. टोळीतल्या बायका उठून लांब जाऊन बसल्या. आशासाठी पाण्याचं मडकं वेगळं ठेवलेलं. ताटली वेगळी, पेला वेगळा. झोपायची जागा गोठ्याशेजारी. सासू म्हणून भागीबाईने पोरीला हॉस्पिटलात एक दिवस एकटं सोडलं नव्हतं. पण इथे चार बायकांसमोर ती सुनेपासून हातभर अंतर ठेवून उभी होती. सगळ्यांना गोळ्या मिळाल्या, सगळे बरे झाले, पण नाव लागलं ते एकटीला. पुंजा म्हणाला, "हिला घरला धाडतो. बायका काम सोडून जातो म्हनत्यात."

घरी पाठवायचं म्हणजे रिकाम्या घरात, त्या पोटानिशी, एकटीला. सगळी कामाची माणसं तर इथेच.

आण्णाने तोडगा काढला. "कौसरबाई, सोपं आहे. हिची पट्टी कर. एक रेघ येईलच. कागद दे, मी खांबाला लावतो. बायका गप बसतील."

खरं सांगू? मलाही ते पटलं. एका पट्टीने भागत असेल तर कशाला ताणायचं? पण कौसरबाईने मान हलवली.

"नाही करणार."

"अगं, पण आता तर ती खरंच बरी आहे!"

"बरी आहे हे डॉक्टरांनी सांगून सोडलंय. पट्टीवर आत घेतलीत, तर उद्या पट्टीवरच बाहेर काढाल. तिला शिंक आली की तुम्ही पट्टी मागाल."

तीन दगडांच्या चुलीवर गवती चहा उकळत होता. आशा आपला वेगळा पेला घेऊन गोठ्याच्या बाजूला बसली होती. कुणीतरी लांबून वरून तिच्या पेल्यात चहा ओतून गेलं होतं. अर्धा ती प्यायली होती. कौसरबाई तिच्याजवळ गेली, मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दे."

आशाला कळेना. कौसरबाईने तिच्या हातातून तो उष्टा पेला घेतला, सगळ्यांकडे तोंड केलं आणि ती उरलेला चहा प्यायली. घाई केली नाही. एकेक घोट, तळापर्यंत. बायका बघत होत्या. पुंजा बघत होता. आण्णाच्या हातातलं सुपारीचं खांड तसंच राहिलं. तिने रिकामा पेला जमिनीवर ठेवला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "हा माझा रिपोर्ट. कुणाला झेरॉक्स पाहिजे?"

मग भागीबाई उठली. ते हातभर अंतर तोडून सुनेपाशी आली, खाली ठेवलेला तोच पेला उचलला, न विसळता तिच्यापुढे धरला.

"मला बी वत," ती म्हणाली.

आशाने चहाचं भांडं उचललं. काड्या झालेल्या हातांना ते पेलवेना, आणि अर्धा चहा भागीबाईच्या मनगटावर सांडला. सासूने हात मागे घेतला नाही.